घोड-भीमेच्या काठची धान्यवखार

नदीकाठी धान्याचे कोठार म्हटले की जहाजे आणि धक्के डोळ्यांपुढे येतात. शिरूर आणि दौंडच्या नद्यांमध्ये मात्र धान्याची होडी कधी फारशी चालली नाही. तरीही या दोन गावांच्या भोवती धान्य साठविण्याची रीत विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पार बदलून गेली. जमिनीखालचे पेव गेले आणि जोत्यावरची वखार आली. हे कसे घडले आणि वखार उभी करणे एवढे अवघड का होते, त्याची ही हकीकत.

एखाद्या गोष्टीचा एकाएकी सुळसुळाट झाला की 'पेव फुटले' असे आपण सहज म्हणून जातो. शहरात वाढलेल्या दोन पिढ्यांनी पेव पाहिलेलेही नसते. पेव म्हणजे धान्य साठविण्यासाठी जमिनीत खणलेले तळघर. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे अरुंद, पोट मात्र रांजणासारखे फुगीर. कठीण मुरूम पाहून ते खणायचे, आतून शेणामातीने लिंपायचे, तळाला आणि कडांना कडब्याचा किंवा भुश्याचा थर द्यायचा आणि ज्वारी ओतून तोंडावर शिळा ठेवून ती मातीने बंद करायची. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरडवाहू पट्ट्यात, म्हणजे आजच्या शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर तालुक्यांत, शाळूची ज्वारी अशा रीतीने वर्षानुवर्षे टिकत असे.

यामागचे शास्त्र सोपे आहे. धान्य हा सजीव पदार्थ आहे, त्याचा श्वासोच्छ्वास चालू असतो. बंद पेवात धान्य आणि त्यातले किडे मिळून प्राणवायू संपवितात आणि कार्बन डायऑक्साइड साठत जातो. त्या वायूत किडे जगत नाहीत, धान्य मात्र राहते. कडेचा थोडा दाणा काळवंडतो, त्याला आंबूस वास येतो. आतला मोठा साठा शाबूत असतो. हाच वायू माणसालाही घातक. पेव उघडल्यावर बराच वेळ हवा खेळू दिल्यावाचून आत उतरू नये, हा दंडक त्यामुळेच होता. तो न पाळल्याने पेवात गुदमरून माणसे दगावल्याच्या घटना महाराष्ट्रात अनेक ठिकाणी घडल्या आहेत.

पेवाला एकच गोष्ट मुळीच सोसत नाही, ती म्हणजे ओल. म्हणून नदीच्या अगदी काठाला पेव खणण्याची सहसा रीत नव्हती. याला एक ठळक अपवाद आहे. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर वसलेल्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. तेथील मातीच अशी चिवट की पाणी झिरपत नाही, आणि हळद त्यात कित्येक वर्षे राहते. पण झिरपणारे पाणी वेगळे आणि तोंडावाटे शिरणारे वेगळे. २००५ च्या महापुरात तिथल्या पेवांचे अतोनात नुकसान झाले. घोड आणि भीमेच्या काठी तर अशी मातीही सर्वत्र नाही. काठाला खोल काळी जमीन आणि गाळ, मुरूम लागतो तो काठापासून वर, माळावर. गावे नदीला धरून वसली तरी त्यांची पेवे उंचवट्यावर राहिली, त्याचे कारण हे आहे.

शिरूरचे जुने प्रचलित नाव घोडनदी. पुण्याहून अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) जाणारा रस्ता जिथे घोड नदी ओलांडतो तिथे, नदीच्या दक्षिण काठावर हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी येथे छावणी टाकली. १८१७ च्या अखेरीस कोरेगावच्या लढाईसाठी निघालेली तुकडी याच छावणीतून बाहेर पडली होती. छावणी घोडदळाची, आणि घोडदळ म्हणजे हरभऱ्याची आणि कडब्याची कायमची मागणी. गावाचा बाजार मोठा होण्यात या घोड्यांचा वाटा कमी नाही. १८०९ मध्ये येथे मरण पावलेले कर्नल वॉलेस यांना तर आसपासचे लोक 'सत्पुरुष' मानू लागले. सुगीला पहिले धान्य त्यांच्या थडग्यावर नैवेद्य म्हणून ठेवण्याची प्रथा होती, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये सापडते. परक्या सेनाधिकाऱ्याला नव्या धान्याचा मान मिळावा, यातून त्या काळच्या लोकमानसाचे जे दर्शन घडते ते विचार करायला लावणारे आहे.

दौंडचे नशीब वेगळे निघाले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा पुण्यापासून पूर्वेकडे जाणारा फाटा १८५८ मध्ये भीमेच्या काठाकाठाने दिक्सळपर्यंत गेला आणि दौंड त्याच्या वाटेत आले. पुढे १८७८ मध्ये दौंड-मनमाड हा सुमारे २३५ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. भीमेवर पूल बांधून ही वाट उत्तरेला नगरकडे वळली आणि दौंडचे जंक्शन झाले. १८७६ ते १८७८ हा दख्खनच्या भीषण दुष्काळाचा काळ. या लोहमार्गाच्या मातीकामावर दुष्काळग्रस्तांनाच मजुरीस लावले होते. ज्या हातांना धान्य मिळत नव्हते त्याच हातांनी धान्य वाहून नेणारा रस्ता तयार केला. १९१४ मध्ये बारामतीकडे जाणारी अरुंदमापी गाडीही दौंडहून धावू लागली. शिरूरला मात्र रेल्वे आली नाही, आजही नाही. तिथला माल बैलगाडीने हलायचा आणि नंतर मोटारीने.

इथे वखारीचा खरा प्रश्न सुरू होतो. पेव शेतकऱ्याचे किंवा सावकाराचे असे, आणि त्यातले धान्य बव्हंशी गावातच संपायचे. रेल्वे आल्यावर धान्य हा दूर विकायचा माल झाला. तो पोत्यात भरावा लागला, वजनावर मोजावा लागला, आणि डबा मिळेपर्यंत कुठे तरी कोरडा ठेवावा लागला. पूर्वी दाणा मापाने मोजत. चार शेरांची पायली, पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी, आणि मण तरी किती पायल्यांचा हे गावोगाव निराळे. माप भरताना वर जो ढीग राहतो ती शीग. 'शिगोशीग' हा शब्द तिथलाच. ती शीग कोणी पाडायची आणि कोणी ठेवायची यावर कुणबी आणि वाणी यांचे निम्मे तंटे होत. काटा आल्यावर शीग गेली. तंटे मात्र गेले नाहीत, ते हमाली, तोलाई आणि अडत यांच्याकडे वळले.

धान्य कोणाच्या छपराखाली आहे, यावर भाव कोण ठरवणार हे अवलंबून असते. इंग्रजी अमलात शेतसारा रोकड द्यावा लागे आणि त्याचे हप्ते सुगीच्या मागोमाग येत. सगळे शेतकरी एकाच वेळी विकायला निघत, भाव पडत. पावसाळ्याच्या तोंडी घरातले दाणे संपले की तेच धान्य चढ्या भावाने किंवा उसने घ्यावे लागे. उसने धान्य सवाईने किंवा दिढीने फेडायचे, म्हणजे एक मण नेले तर सुगीला सव्वा किंवा दीड मण परत. चार-सहा महिन्यांचे हे व्याज पाहिले तर रोख कर्ज त्यामानाने स्वस्त वाटावे. साठवण ज्याच्याकडे, फायदा त्याचा. शेतकऱ्याकडे साठवायला जागा असली तरी थांबायला उसंत नव्हती.

१८७५ च्या दख्खनच्या दंग्यांकडे या बाजूनेही पाहायला हवे. शिरूर तालुक्यातील करडे गावात आदल्या वर्षअखेरीस सावकारांवर बहिष्कार पडला होता. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमाव उठला. आजचा दौंड तालुका त्या काळी भीमथडीतच मोडत असे. कर्जरोखे आणि खतावण्या जाळल्या गेल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. धान्याची दुकाने लुटली गेली, याचा उल्लेख मात्र सहसा पुढे येत नाही. कागद आणि कोठार या दोन गोष्टींनी शेतकरी बांधला गेला होता आणि जमावाने नेमके त्यांवरच हात टाकले. पुढे १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याने कागदाचा बंदोबस्त बऱ्याच अंशी केला, कोठाराला हात लावला नाही.

सरकारने धान्य साठवावे, असे कोणी म्हणाले नाही का? मराठी मुलखाला सरकारी कोठार काही नवीन नव्हते. पन्हाळ्यावर अंबारखान्याच्या गंगा, यमुना आणि सरस्वती या प्रचंड इमारती अजून उभ्या आहेत. इंग्रजांनीही पूर्वी तसा प्रयोग केला होता. १७७० च्या बंगालच्या दुष्काळानंतर पाटण्याला गंगेच्या काठी कॅप्टन जॉन गार्स्टिन यांनी 'गोलघर' नावाचे घुमटाकार कोठार बांधले, ते १७८६ मध्ये पुरे झाले. त्यासारखी आणखी कोठारे उभी करण्याचा बेत पुढे गेलाच नाही. एकोणिसाव्या शतकात तर खुल्या व्यापाराचे तत्त्वज्ञान इतके दृढ झाले की सरकारने धान्य खरेदी करून साठवणे हे जवळजवळ पाप ठरले. १८७६-७७ मध्ये मुंबई सरकारने धान्याचा व्यापार आपल्या हाती घेण्याचे नाकारले. रेल्वे धान्य आणील आणि व्यापारी ते विकील, असे धोरण होते. रेल्वेने धान्य आणलेही, पण ते घ्यायला लोकांच्या गाठी पैसा नव्हता. पुणे सार्वजनिक सभेने त्या दोन वर्षांत जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारला जे अहवाल पाठविले, त्यांत ही विपत्ती उघडपणे मांडली आहे. १८८० च्या दुष्काळ आयोगानेही मान्य केले की टंचाई होती ती मुख्यतः रोजगाराची. तरीही सरकारी कोठारांची कल्पना त्याला पटली नाही. म्हणून १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले तेव्हा दौंडसारख्या स्थानकावर धान्य उतरत होते ते खासगी व्यापाऱ्यांच्या वखारींतच.

या काळात धान्यवखार बांधायची तर काय काय लागे?

पहिला प्रश्न जागेचा. काठावर बांधण्यात सोय होती. वाळू जवळ, पाणी जवळ, आणि चुनखडीचे खडे ओढ्यानाल्यांच्या कडांना आणि काळ्या जमिनीत वेचायला मिळत. नदीवरचा उतार किंवा पूल जिथे, तिथेच गाड्यांचा तळ पडे. म्हणजे गिऱ्हाईकही काठावरच. उलट बाजूने, पुराची भीती होती आणि जमीन दगाबाज होती. दख्खनची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. तिच्यावर पाया घातला की भिंत दोन-तीन वर्षांत तडकते. घराच्या भिंतीची तड डागडुजीने निभावते, वखारीची निभावत नाही. कारण तडेतून ओल येते, उंदीर येतो, आणि पोत्यांच्या भाराने ती रुंदावत जाते. म्हणून काळी माती पूर्ण उपसून मुरूम किंवा पक्का खडक लागेपर्यंत खाली जायचे, हा नियम. काठाच्या जमिनीत ही खोली फार भरते आणि निम्मा खर्च जमिनीखाली गडप होतो. शहाणा बांधणारा मग काठ सोडून, जुन्या माणसांनी सांगितलेल्या पूररेषेच्या वर, मुरमाडीच्या कडेला सरकत असे.

भिंती काळ्या दगडाच्या. तो या भागात हवा तेवढा. दर्जांमध्ये चुना, आणि चुना म्हणजे घाणीचा. गोल दगडी चरात बैलाने ओढलेले दगडी चाक फिरवून चुना आणि वाळू तासन् तास मळायची. चुनखडीत मातीचा अंश असल्याने तिचा चुना ओलीतही घट्ट होतो, हा नदीकाठी मोठाच गुण. सिमेंट हा पर्याय अजून दूर होता. हिंदुस्थानात सिमेंट बनविण्याचा पहिला प्रयत्न १९०४ मध्ये मद्रासला झाला आणि धंदा म्हणून ते स्थिरावले १९१४ मध्ये पोरबंदरला. तोवर पिंपांतून येणारे विलायती सिमेंट खेड्यातल्या वखारीला परवडणारे नव्हते.

भिंतीपेक्षाही महत्त्वाचे जोते. ते साधारण बैलगाडीच्या साटीएवढे उंच ठेवायचे, म्हणजे हमालाला पाठीवरचे पोते वर चढवावे लागत नाही, सरळ आत नेता येते. रेल्वेलगतच्या वखारीत हीच उंची डब्याच्या तळाशी जुळवितात. जोत्याचा दुसरा उपयोग ओलीपासून आणि पुराच्या पाण्यापासून बचाव. जमिनीला फरशी हवी, आणि दौंडला ती सहज मिळण्याजोगी होती, कारण सोलापूरकडून पुढे गेलेली रेल्वे शहाबादवरूनच जाते. शहाबादी फरशीच्या प्रसारात रेल्वेचा हात केवढा आहे, हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

छपराचा पेच मोठा गमतीचा होता. कौलांतून हवा खेळते, पण उंदीर आणि पाखरेही खेळतात, शिवाय वाऱ्यावादळात कौल सरकते. रेल्वेने पन्हळी पत्रे आणले. ते हलके, लोखंडी कैचीवर बसतात आणि मधे खांब नसलेले रुंद दालन मिळते. पण पत्रा दिवसा तापतो आणि रात्री झपाट्याने निवतो. धान्यातून निघालेली वाफ गार पत्र्याखाली जमून थेंब होऊन पडते आणि थप्पीचा वरचा थर बुरसतो. बाहेर थेंबही पाऊस नसताना वखारीतले धान्य भिजलेले पाहून मालकाने हमालावर संशय घ्यावा, असे हे प्रकरण. उपाय म्हणजे छप्पर उंच घ्यायचे, वळचणीखाली जाळीचे झरोके समोरासमोर ठेवायचे, आणि इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम धरायची, म्हणजे लांब भिंतींवर सकाळ-संध्याकाळचे ऊन येत नाही. थप्पी भिंतीपासून हात-दोन हात लांब आणि खाली लाकडी फळ्या. हे नियम आजही गोदामांत पाळतात.

याच सुमारास वखारीच्या रचनेत एक नवा शत्रू डोकावला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचे पहिले रुग्ण आढळले ते मांडवी भागात, जिथे धान्याच्या वखारी दाटीने होत्या. माणसांच्या आधी उंदीर मरून पडत, हे लोकांनी पाहिले होते. १८९७ मध्ये पुणे शहराने प्लेगचा कहर सोसला. १९०५ पासून काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने उंदीर आणि त्यांच्या अंगावरची पिसू यांचा रोगाशी संबंध निर्विवाद सिद्ध केला. तोवर उंदीर म्हणजे दाण्याचा चोर एवढीच त्याची ओळख होती. आता तो मृत्यूचा वाहक ठरला आणि धान्याचे पोते त्याचे वाहन. मातीची जमीन, पोकळ भिंती, अंधारे कोनाडे या जुन्या वखारींच्या खोडी प्राणघातक ठरल्या. बळद, म्हणजे वाड्याच्या भिंतीतच केलेली धान्याची पोकळी, ही तर उंदराला आयतीच वसाहत. भरीव दगडी भिंत, फरशी आणि उंच जोते यांचा आग्रह वाढला तो अशा अनुभवातून. पेव मात्र या कसोटीलाही उतरत होते. त्यात ना हवा ना उंदीर.

मग पेव का हटले? उत्तर धान्यशास्त्रात नाही, बाजारात आहे. पेव एकदा उघडले की ते सगळे रिकामे करावे लागते. वखारीतून दहा पोती काढून नव्वद ठेवता येतात. पेवातला दाणा अडत्याला पाहता येत नाही, पोत्यात पोकळ सळई खुपसून मूठभर नमुना लगेच काढता येतो. कलकत्त्याच्या गिरण्यांतून येणाऱ्या तागाच्या बारदानाने ही क्रांती केली, आणि तिचे श्रेय त्याला फारसे कोणी दिलेले नाही. अमेरिकेत गोष्ट आणखी वेगळ्या दिशेने गेली. १८४२ मध्ये बफेलो येथे जोसेफ डार्ट यांनी नदीकाठी वाफेवर चालणारे धान्य-उत्तोलक उभारले आणि तिथे सुटे धान्य पाण्यासारखे वाहू लागले. आपल्याकडे मजुरी स्वस्त आणि बोटी नाहीत, त्यामुळे हमालाची पाठ हेच उत्तोलक राहिले.

वखार बांधण्याची विद्या अशी १९१० च्या सुमारास पुरेशी तयार होती. तयार नव्हती ती ती बांधू शकणारी शेतकऱ्यांची संस्था. १९०४ च्या सहकारी कायद्यात फक्त पतपेढ्यांना जागा होती. धान्य साठविणाऱ्या आणि विकणाऱ्या संस्था काढण्याची मुभा १९१२ च्या कायद्याने दिली. पण गावाची ऐपत काय होती? पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी ना. वि. कानिटकर यांच्यासह शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची घरोघर पाहणी केली. ती १९२१ मध्ये प्रसिद्ध झाली. शेती आणि मजुरी मिळूनही बहुसंख्य कुटुंबांचे भागत नाही आणि कर्ज फिटण्याची शक्यता नाही, असे चित्र त्यातून पुढे आले. अशा गावाला सामायिक वखार बांधा आणि भाव येईपर्यंत थांबा, असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगण्यासारखेच होते. साठविलेल्या मालावर कोणी उचल दिली असती तर गोष्ट वेगळी.

ती सोय व्हायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. १९५४ च्या ग्रामीण पतपाहणी समितीने, म्हणजेच गोरवाला समितीने, कर्ज, विक्री आणि साठवण यांची सांगड घालण्याची शिफारस केली. १९५६ चा कायदा झाला. १९५७ मध्ये केंद्रीय वखार महामंडळ आणि राज्याचे वखार महामंडळ स्थापन झाले. इंग्रजांच्या सुरतेच्या वखारीमुळे मराठी वाचकाच्या कानाला जो शब्द परका वाटतो, तो अशा रीतीने सरकारी पाटीवर आला. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ आले. दौंडहून निघणाऱ्या लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, मनमाडला, त्याचे विस्तीर्ण गोदाम आहे. सवाई-दिढीच्या काळात ज्या उचलीची उणीव होती, ती वखारीच्या पावतीवर मिळू लागली. शेतकऱ्याने माल ठेवायचा, पावती घ्यायची, पावतीवर बँकेकडून रक्कम घ्यायची आणि भाव आल्यावर विकायचे. २००७ च्या कायद्याने ही पावती हस्तांतरणीय झाली. लहान शेतकरी तिचा लाभ अजूनही कमीच घेतो, कारण दहा-वीस पोत्यांसाठी तालुक्याच्या गोदामापर्यंत भाडे भरणे त्याला जड जाते.

अलीकडे बाजारात हवाबंद प्लास्टिकच्या धान्यपिशव्या मिळू लागल्या आहेत. पिशवीचे तोंड घट्ट आवळले की आतला प्राणवायू संपतो आणि कोणतेही औषध न घालता किडे मरतात. परदेशी विद्यापीठांत संशोधन होऊन आलेल्या या पिशव्यांचे तत्त्व पेवाचेच आहे. फरक एवढाच की ती दहा पिशव्यांतून एक उघडता येते.